ओसरीवरून : ज्याचा त्याचा चहा

गेल्या दिवाळींत आमच्या रिठदच्या घरीं एक पार्सल आलें. अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नोकरीनिमित्त राहणारा माझा पुतण्या यंदा सुट्टीस येऊं शकला नाहीं. त्यानें आपल्याऐवजीं चहाचे तीन डबे पाठविले. सोयाबीन निघून अंगण मोकळें झालें होतें, तूर फुलावर होती, शाळांस सुट्टी होती. तेव्हां घरचीं नऊही माणसें पार्सल उघडण्याच्या वेळीं ओसरीवर हजर होतीं. डब्यांवर कोणत्याही चहामळ्याचें नांव ठळक नव्हतें. एकावर शेरलॉक होम्स, दुसऱ्यावर ‘ॲलिस’च्या गोष्टींतला वेडा टोपीवाला आणि तिसऱ्यावर जेन ऑस्टिनची एलिझाबेथ बेनेट, अशीं चित्रें होतीं. धाकट्या भावानें एक डबा उलटसुलट करून पाहिला व मला विचारलें, “दादा, ह्या माणसांना उकळलें कीं काय?”

थोरली नात यंदा दहावीस आहे. तिनें खुलासा केला कीं, हा त्या त्या पात्राच्या स्वभावाचा चहा होय. पश्चिमेकडे आतां ही एक रीतच पडली आहे. अडाजिओ नांवाची एक अमेरिकन पेढी १९९९ पासून चहाचा व्यापार करते. तिच्याकडे गिऱ्हाइकानें निरनिराळे चहा व सुवासिक द्रव्यें निवडून आपलें मिश्रण ठरवावें, त्यास आवडीचें नांव द्यावें, डब्यावर चित्र घालावें, आणि मग तें मिश्रण इतरांनींही विकत घ्यावें, अशी सोय आहे. कथाकादंबऱ्यांचे वाचक आपापल्या आवडत्या पात्रांच्या नांवानें अशीं मिश्रणें जुळवूं लागले आणि पुस्तकांच्या फळीवरून चहाच्या फळीवर नायकनायिकांची ये-जा सुरू झाली.

प्रथमदर्शनीं हा मला निव्वळ पोरखेळ वाटला. पण चाखून पाहिल्यावांचून मत देणें हें परीक्षकास शोभत नाहीं, म्हणून आम्ही रीतसर परीक्षा मांडली. चहा चाखण्याची एक आंतरराष्ट्रीय रीत १९८० सालीं ठरली आहे: दर शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्यास दोन ग्रॅम पत्ती घ्यावयाची, भांडें झांकून सहा मिनिटें ठेवावयाचें आणि मग गाळून पाहावयाचें. माझ्या चूर्णाच्या तराजूवर पत्ती तोलली गेली. पुढची गोष्ट मात्र मला अवघड गेली. व्यवसायी चाखणारे चहाचा घोट मोठ्यानें फुरका मारून घेतात. त्यामुळें चहाबरोबर हवा आंत जाते, सुवास नाकाच्या मागच्या बाजूनें वर चढतो, आणि ज्यास आपण चव म्हणतों ती बहुतांशीं वासच असल्यामुळें चहा खरा कळतो तो तेव्हांच. पस्तीस वर्षें मुलांना “फुरके मारूं नका” म्हणून बजावलेल्या मास्तरानें त्या दिवशीं नातवंडांसमक्ष फुरके मारले!

होम्सचा चहा धुराच्या वासाचा निघाला. चीनच्या फुक्येन प्रांतांत, वूयी डोंगरांत, पत्ती चिडाच्या लांकडांच्या धुरावर वाळवून एक चहा करतात. त्याचाच तो अंश असावा. आमच्या मातुःश्री पंचाऐंशीच्या घरांत आहेत. त्यांनीं एक घोट घेऊन पेला खालीं ठेवला व म्हणाल्या, “काय बाई, जन्मभर चुलीचा धूर खाल्ला, आतां पिऊनही राहिलों!” होम्सच्या चिरुटाचा व धुक्याचा तो वास, हें ठीकच, परंतु मला शंका आली कीं, हें मिश्रण जुळविणाऱ्यानें पात्र वाचलें कीं चित्र पाहिलें? १९०२ च्या ‘हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स’च्या आरंभींच होम्स पाठ करून बसला असतां वॉटसन मागें काय करीत आहे तें अचूक सांगतो, कारण समोरच्या लख्ख किटलींत त्यास मागचें सारें दिसत असतें. ती किटली कॉफीची आहे!

टोपीवाल्याच्या डब्यांत संत्र्याची साल, लवंग आणि इतके वास कोंडले होते कीं एकाचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. हें मात्र पात्राला धरून झालें. १८६५ सालीं निघालेल्या ‘ॲलिस’मध्यें ह्या टोपीवाल्यापुरता काळच सहावर थांबलेला आहे, त्यामुळें तेथें सदाच चहाची वेळ असते आणि कपबशा धुवावयास कधींच सवड मिळत नाहीं, उष्टा कप सोडून प्रत्येकानें पुढच्या खुर्चीवर सरकावयाचें, एवढाच उपाय. नातवाला हें फार आवडलें. आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघराच्या दारांतून एवढेंच विचारलें, “आणि खुर्च्या संपल्यावर?” आम्ही सारे हंसलों. पुस्तकांत ॲलिसही हाच प्रश्न विचारते आणि त्यास उत्तर मिळत नाहीं, हें मला त्या वेळीं आठवलें नाहीं.

एलिझाबेथचा चहा सर्वांस रुचला. त्यांत गुलाबाच्या पाकळ्या होत्या आणि बर्गमोट नांवाच्या आंबट फळाच्या सालीचें तेल होतें. हें फळ मुख्यत्वें इटलीच्या दक्षिण टोंकास, कॅलाब्रियांत, होतें. आणि १८३० ते १८३४ पर्यंत इंग्लंडचे मुख्य प्रधान असलेल्या अर्ल ग्रे यांच्या नांवानें जो चहा जगभर विकला जातो, त्यास हाच वास असतो. गोड वासाखालीं किंचित् कडसर धार, म्हणजे ती बाई ठीक उतरली होती. भावानें मात्र “गुलकंद पाण्यांत कालविला आहे” असा निकाल दिला.

आतां माझ्या शास्त्राकडे येतों. चव आणि पात्र यांची सांगड पश्चिमेनें नव्यानें घातली असें समजण्याचें कारण नाहीं. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस म्हणजे काय हें समजावतांना भरतमुनींनीं दृष्टांत घेतला आहे तो पाकशाळेचाच. गूळ, मसाले, औषधि यांच्या संयोगानें जसा खाद्याचा रस सिद्ध होतो, तसा नाना भावांच्या संयोगानें नाट्याचा रस सिद्ध होतो, असें त्यांचें सांगणें आहे. पुढें मम्मटादि आचार्यांनीं पानकाची उपमा दिली: पानकांत साखर, मिरें, कापूर वेगवेगळे लागत नाहींत, सर्व मिळून एक निराळीच गोडी लागते. भरतांनीं आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक असे एकूणपन्नास भाव मोजले आहेत. आमच्या मसाल्याच्या डब्याला कप्पे सातच असतात, एवढाच काय तो भेद. आमच्या वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. राजशेखरानें ‘कर्पूरमंजरीं’त जिला ‘वच्छोमी’ म्हटलें आहे ती काव्यरीति ह्याच नांवाची. तेव्हां रसाची परीक्षा करण्याचा थोडा अधिकार ह्या मुलखास आहे असें मीं ओसरीवर जाहीर केलें.

तें ऐकून नात म्हणाली, “मग आजोबा, आपण आपल्या पुस्तकांतल्या माणसांचे चहा करूं. ज्यानें त्यानें एक पात्र निवडावें, नांव सांगूं नये. बाकीच्यांनीं चाखून ओळखावें.” मुदत दोन दिवसांची. साहित्य घरचेंच: वाशीमच्या बाजारांतली नेहमींची पत्ती, म्हशीचें दूध, साखर, गूळ, आलें, सुंठ, वेलची, दालचिनी, जायफळ, मिरें, बडीशेप, परसांतला गवती चहा, पुदिना आणि वृंदावनांतली तुळस. परदेशी डबे मसाल्याच्या फळीवर ठेवूं नयेत, अशी ताकीद मीं दिली. कारण वाळलेली चहापत्ती भोंवतालचा वास फार लवकर ओढून घेते. चीनमध्यें ह्याच गुणाचा उपयोग करून रात्रीं उमलणाऱ्या मोगऱ्याच्या जातीच्या कळ्यांचे थर पत्तींत देतात आणि सकाळीं फुलें काढून टाकतात. तेंच पुन्हां पुन्हां करीत गेल्यानें चहास सुवास लागतो. आमच्याकडे मोगऱ्याऐवजीं हिंग लागला असता!

पहिला पेला धाकट्या भावाचा. दूध मुबलक, साखर त्याहून मुबलक, वेलचीचा मंद वास. कोणास दुखवूं नये असा मऊ चहा. पण शेवटच्या घोटाला एक अख्खें मिरें दाताखालीं आलें आणि आईंना ठसका लागला. “चिमणराव!” सगळे ओरडले. चि. वि. जोश्यांचा भित्रा, भाबडा चिमणराव सर्वांस परिचित. १९३३ च्या ‘चिमणरावांचें चऱ्हाट’पासून तो घरोघर आहे. आणि तळाशीं बसलेलें मिरें म्हणजे त्याचा दांडगा भाऊ गुंड्याभाऊ, हें सांगावें लागलें नाहीं.

दुसरा चहा नातवाचा. त्यांत दूध नाहीं. पुदिना, लिंबू व थोडा गूळ. अट अशी कीं तो एका दमांत पिऊन “ट्टॉक” करावयाचें. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आईखेरीज सर्वांनीं ओळखला. आईंनीं विचारलें कीं हा शेजारच्या कोणाचा मुलगा.

तिसरा चिरंजीवांचा. सुंठ, दालचिनी आणि मिरें एकमेकांवर इतकीं कुरघोडी करीत होतीं कीं चहा बिचारा मध्यें सांपडला होता. हे आमच्या वऱ्हाडाच्या लाडक्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे तिघे, सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या. कोल्हटकर वकिलीनिमित्त खामगांव व जळगांव जामोद येथें राहिले. ‘सुदाम्याचे पोहे’ ज्या घरांत वाचले गेले नाहींत असें सुशिक्षित घर एके काळीं ह्या भागांत विरळाच होतें. “तिघेही बोलत आहेत आणि ऐकत कोणीच नाहीं,” असें चिरंजीवांनीं आपल्या मिश्रणाचें समर्थन केलें.

चौथा माझा. मीं शाकुंतलांतील कण्व निवडला होता. वनांत राहणारा मुनि, म्हणून तुळस व गवती चहा; वत्सल पिता, म्हणून थोडें दूध; आणि चौथ्या अंकांत मुलीला सासरीं धाडतांना ज्याचा कंठ दाटून येतो त्याच्यासाठीं शेवटीं मिठाचा एक कण. मीठ जिभेस कळलें असें नाहीं, पण कडसरपणा मोडला. सूनबाईंनीं पहिल्याच घोटास ओळखलें. मला फार संतोष झाला. चौथा अंक मीं इतक्या वर्गांना शिकविला, आणि शकुंतलेचा सारा अनर्थ दुर्वासाकडे लक्ष न गेल्यामुळें कसा ओढवला, हें सांगतांना लक्ष ह्या गोष्टीवर दरवेळीं पांच मिनिटें व्याख्यान दिलें, तें सार्थकीं लागलें असें वाटलें. त्या संतोषांतच मीं पांचवा पेला हातीं घेतला.

पांचवा आमच्या कुटुंबाचा. ती ह्या खेळांत भाग घेईल असें कोणास वाटलें नव्हतें. तिनें तबकांत आठ पेले आणून ठेवले आणि ती उंबऱ्याशीं बसली. आम्हीं चाखलें. चहा नेहमींचा होता. आलें नाहीं, वेलची नाहीं, तुळस नाहीं. पत्ती, दूध, साखर. परंतु अगदीं गार, आणि वर सायीचा सुरकुतलेला पापुद्रा. भाऊ म्हणाला, “वहिनी, हा तापवायचा राहिला.” चिरंजीव म्हणाले, हा कुंभकर्ण असावा, उठेपर्यंत चहा गार. मीं म्हणालों, हिमालयवासी कोणी मुनि असेल. भावाच्या पत्नीनें एक घोट घेऊन पेला खालीं ठेवला. सूनबाईंनींही घेतला. दोघीही कांहीं बोलल्या नाहींत, आणि दोघीही एकमेकींकडे पाहीनात.

“सांगूं?” सौ. म्हणाली. “ही यमू. ‘पण लक्षांत कोण घेतो’मधली. चहा करून सगळ्यांना दिला, आपला ओतून घेतला, तेवढ्यांत कोणीतरी हांक मारली. परत आली तेव्हां असा झाला होता.”

ओसरीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग नातवानें, मुलांस शोभेल असा, खरा आक्षेप काढला: “पण आजी, तेव्हां त्यांच्या घरीं चहा होता का?”

आक्षेप इतिहासाला धरून होता. आसामचा चहा प्रथम लंडनच्या लिलांवांत विकला गेला तो १८३९ सालीं, आणि पुढें कित्येक दशकें तो मुख्यतः परदेशींच जात असे. देशांतल्या लोकांस चहाची गोडी लागावी म्हणून सरकारनें १९०३ सालीं निर्यातीवर एक कर बसवून त्या पैशांतून प्रचार चालविला. रेल्वेच्या स्थानकांवर, कारखान्यांत, बाजारांत चहा नेला गेला. येथले विक्रेते पत्ती कमी आणि दूध, साखर, मसाला अधिक घालतात, अशी त्या प्रचारकांची तक्रार असे. आज जग ज्यास भारतीय मसाल्याचा चहा म्हणून नांवाजतें, तो असा तक्रारींतून वर आला आहे. १९३० नंतर पत्ती चिरडून तिच्या बारीक गोळ्या करणारें यंत्र आसामांत निघालें, थोड्या पत्तींत कडक चहा होऊं लागला, आणि हळूहळू तो गरिबाच्याही चुलीवर चढला. यमूच्या काळीं ब्राह्मणांच्या घरांत चहा सर्वत्र रुळलेला नव्हता, हें खरेंच.

उलट, तेव्हां चहाचा एक पेला म्हणजे केवढें प्रकरण होतें! १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास बोलावलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें मिशनऱ्यांनीं चहाबिस्किटें ठेवलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं नुसता हातीं धरून खालीं ठेवला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध करविलीं. त्या यादींत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हेही होते. शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, चौकशी बसली, ग्रामण्य झालें, प्रायश्चित्तें झालीं. आणि त्याच १८९० सालीं, त्याच पुण्यांत, हरि नारायण आपटे यांचें ‘करमणूक’ पत्र निघालें, आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. बालपणीं लग्न, तरुणपणीं वैधव्य आणि इच्छेविरुद्ध झालेलें केशवपन, ही यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली आहे. पुरुषांनीं घेतलेल्या व न घेतलेल्या एकेका घोटाची नोंद वर्तमानपत्रांनीं ठेवली. घरांतल्या बाईनें काय घेतलें व काय न घेतलें याची नोंद ठेवावयास मात्र कादंबरीच लिहावी लागली.

हें सारें मीं नातवास सांगितलें. सांगणें मला येतें. सौ.नें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “चहा नसेल रे. पण गार झालेलें कांहींतरी असेलच.”

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. ही कादंबरी १८९३ सालीं पुस्तकरूपानें निघाली, हें मीं शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतलें आहे. कादंबरी मात्र मीं अर्ध्यावर सोडली होती. तिची एक जुनी प्रत आमच्या घरांत बेचाळीस वर्षें आहे. सौ.च्या माहेरच्या पेटींतून ती आली. मीं ती पेटी ओळखत होतों, पुस्तक ओळखत होतों. तें किती वेळां उघडलें गेलें तें मला ठाऊक नव्हतें.

त्या रात्रीं मीं एक साधा हिशेब मांडला. आमच्या घरांत रोज सकाळीं नऊ माणसांचा चहा होतो. आईंना आलें सोसत नाहीं, म्हणून त्यांचा पहिल्या उकळीचा, वेलची घालून. भावाला मधुमेह आहे. त्याचा बिनसाखरेचा, पण तसें त्याला उघड दाखवावयाचें नाहीं, म्हणून त्याच्याही बशींत चमचा ठेवावयाचा. चिरंजीवांना कडक. सूनबाईंना सकाळीं दूध नको वाटतें, म्हणून त्यांचा कोरा, गवती चहाचा. नातवाला चहा म्हणून नुसतें रंगाचें दूध. भावाच्या पत्नीला सोमवारीं उपास, तेव्हां तिचा जास्त गोड. माझा दोनदां, पूजेआधीं अर्धा आणि वर्तमानपत्राबरोबर अर्धा. हीं सारीं मिश्रणें जी बाई रोज न लिहितां, न तोलतां जुळविते तिला नऊ माणसांचे स्वभाव, प्रकृति, उपासतापास आणि रुसवेफुगवे पाठ आहेत. अमेरिकेंतली पेढी ज्या कलेचे डबे विकते ती कला आमच्या स्वयंपाकघरांत बिनडब्याची चालली होती. आठ ओळी मीं लिहिल्या. नववी लिहितां येईना. तिला चहा कसा आवडतो, आल्याचा कीं बिनआल्याचा, गोड कीं बेताचा, हें मला सांगतां आलें नाहीं. बेचाळीस वर्षांत तिला वाफाळता पेला तोंडास लावतांना मीं पाहिलें आहे काय, हेंही आठवेना.

सकाळीं मीं विचारलें, “तुला चहा कसा आवडतो?”

ती हंसली. “आतां कशाला?”

“तरी सांग.”

“माहेरीं बाबा दुपारीं करायचे,” ती म्हणाली. “दूध अगदीं थोडें, चिमूटभर बडीशेप. लग्न झाल्यावर एकदां केला होता तसा. तुम्हीं विचारलें, औषधी काढा आहे का म्हणून. मग नाहीं केला.”

मला तें वाक्य आठवत नाहीं. परंतु तें माझेंच आहे यांत शंका नाहीं. तो विनोद माझ्या जातीचा आहे.

त्या दिवशीं दुपारीं चार वाजतां मीं स्वयंपाकघरांत गेलों. दोन पेले पाणी, दोन चमचे पत्ती, चिमूटभर बडीशेप जरा कुटून. आधण आल्यावर पत्ती टाकून झांकण, तीन मिनिटें, मग थोडें ऊन दूध. पहिल्या दिवशीं बडीशेप जास्त झाली. सौ.स ओसरीवर बसविलें, वाफाळता पेला हातीं दिला आणि मोठ्या अपेक्षेनें मी समोर बसलों. तिनें एक घोट घेतला आणि पेला चटकन् खालीं ठेवला.

“बिघडला?” मीं विचारलें.

“नाहीं, चांगला झाला आहे,” ती म्हणाली. “पण आतां मला गरम सोसत नाहीं. पोळतो.”

वाचकहो, चुकीची दुरुस्ती केली कीं चूक पुसली जाते, असें आम्ही शाळामास्तर लाल शाईच्या भरंवशावर मानून चालतों. तें तसें नसतें. बेचाळीस वर्षें गार चहा घेणाऱ्या जिभेला एका दुपारीं गरम चहा देऊन तो हिशेब चुकता होत नाहीं.

तथापि जें करतां येतें तें करावें. नातीनें आठ ओळींच्या त्या कागदाची नक्कल करून नववी ओळ घातली आणि तो स्वयंपाकघराच्या दारामागें डकविला आहे. आठवड्याचे वार वांटून दिले आहेत. चिरंजीव बुधवारीं चहा करतात आणि भाऊ शनिवारीं. त्याच्या चहांत साखर कोण घालतें व कोण घालीत नाहीं हें त्यास आतां कळलें आहे, त्यावर थोडा वादही झाला. होम्सचा डबा अर्धा शिल्लक आहे, एलिझाबेथचा संपला. तुमच्या घरीं दिवाळींत वा उन्हाळ्याच्या सुट्टींत असा खेळ मांडावयाचा असेल, तर पात्रें खुशाल निवडा. पण आधीं एका कागदावर घरच्या प्रत्येक माणसाचा चहा लिहून पाहा. जी ओळ कोरी राहील ती त्या माणसास विचारून भरा, आणि फार वर्षें थांबूं नका.

आमच्याकडे चार वाजतांचा चहा माझ्याकडे आहे. बडीशेपेचें प्रमाण आतां जमलें आहे. दोन पेले ओसरीवर आणून ठेवतों, तिला कोणी हांक मारली तर उठून मी जातों, आणि परत आल्यावर आम्ही दोघे तो चहा बेताचा निवेपर्यंत बसून राहतों.